थेंब न येणाऱ्या खिडक्या

लष्कराच्या लिलावातली जुनी रुग्णगाडी मी घेतली, ती आत झोपत गावोगाव हिंडायला. पण पहिला प्रवास निघाला बहिणीच्या लग्नाला, आजऱ्याला, आणि आत भरलं तिचं रुखवत. आई म्हणाली, "एक पापड जरी सादळला, तर तिला सासरी जन्मभर ऐकवतील. तुझं तू बघ."

म्हणून गाडीला बसवायला मी वरच्या कडेला बिजागरी असलेल्या, बाहेर ढकलून उघडायच्या खिडक्या निवडल्या. कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? फट राहू नये म्हणून चौकटींचा रंग ओला असतानाच त्या गच्च मिटून घेतल्या.

वाटेत वळवानं गाठलं. पत्र्यावर गारा वाजू लागल्या. मी गाडी हाकताना सारखा विचारत होतो, "आलं का पाणी?"

"न्हाय बाबा, तू पुढं बघ की," मागून आई.

पाऊस थांबला, ऊन तापलं, पण खिडक्या उघडेनात. रबर रंगाला चिकटून बसलं होतं. आत आई, बहीण आणि मावशी घामानं निथळत होत्या, काचांवर आतून वाफ धरली होती.

आजऱ्यात आईनं पापड उचलला, तर तो रुमालासारखा लोंबला.

"पाणी तेवढं आलं न्हाय," ती म्हणाली.

तापलेली जागा एकच होती, गाडीचा टप. मी वर चढून पापड उलटत असतानाच खाली वरमाई येऊन उभी राहिली.

"पावणं, तुमच्यात रुखवत गाडीवर मांडत्यात व्हय?"

तिनं हात वर केला. मी एक पापड दिला. तो तिच्या बोटांत कडकन मोडला, तेव्हा कुठं मी श्वास सोडला.