तांबडं पाणी

समार बेटावरच्या आमच्या खाडीत कोन्सिंगमावशी बांबूंवर शिंपले वाढवायची. त्या वर्षी पाणी तांबूस झालं. सरकारी माणूस बजावून गेला, "डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. गरगर फिरतात, त्यांच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'गरगर फिरणारे' असा आहे. शिंपले खाऊ नका, उकळूनही विष जात नाही."

मावशीचा नवरा दोमेंग हसला. "फिरू देत की! चक्कर त्यांना येईल, मला कशाला?" त्याने सिरक्यात बुडवून वाडगाभर खाल्ले.

थोड्या वेळाने म्हणाला, "कोन्सिंग, ओठ बधिर झालेत गं." मग हातपाय लुळे पडले. दवाखान्याच्या वाटेवर होडीतच श्वास थांबला. डोळे शेवटपर्यंत तिच्याकडे बघत होते.

पाणी निवळलं, बाजार पुन्हा भरला. मावशी मात्र बांबू तसेच सोडून डोंगरावर रताळी लावायला निघून गेली.