पाणी पिवळं झालं त्या सकाळी

टेस्ट ट्यूबमधलं पाणी पिवळं झालं. मी ट्यूब खिडकीशी नेऊन पाहिली. पिवळंच होतं.

मलकापुरातल्या एका छोट्या डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करायचं, हे आमचं काम. त्याला पाणी खूप लागतं आणि ते अगदी शुद्ध लागतं. म्हणून पहिला पेशंट घेण्याआधी रोज त्यात औषधाचे थेंब टाकून बघायचं. पिवळं झालं तर समजायचं, क्लोरीन कार्बनच्या फिल्टरमधूनही निसटून आलंय. असं पाणी वापरलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. माणूस मशीनवरच जाऊ शकतो.

आदल्या दिवशी पाइपलाइन फुटली होती, म्हणून टँकर मागवला होता. त्यात ब्लीचिंग पावडर जास्त पडली असणार.

मी ख्रिस्ती. नाव रूथ. ड्यूटीवर मी देवाधर्माचं बोलत नाही, पण त्या वेळी डोळे मिटून म्हटलं, ‘प्रभू, एवढं पाणी साफ होऊ दे.’ ट्यूब धुतली. नवीन पाणी घेतलं. थेंब टाकले.

पुन्हा पिवळं.

बाहेर प्रल्हादकाका आणि सुमनकाकू बसले होते. वरवट बकालचं शेतकरी जोडपं. तिकडे विहिरींना खारं पाणी, आणि आमच्याकडे किडनीचे बरेच पेशंट त्याच पट्ट्यातले. पुतण्याच्या लग्नामुळे काकांचं मागचं डायलिसिस चुकलं होतं. पाय सुजलेले, बोलताना दम लागत होता.

“रूथताई, मशीन काऊन लावून नाही राह्यल्या?” काकूंनी विचारलं.

“पाणी खराब आहे काकू. डॉक्टरांना बोलावलंय.”

डॉक्टर आले. ईसीजी काढला. काकांच्या रक्तात पोटॅशियम चढलं होतं. ते फार चढलं की हृदय अचानक थांबतं. इंजेक्शननं थोडा वेळ मिळतो, पण ते बाहेर काढायला डायलिसिसच लागतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

“टाकी धुऊन दुसरं पाणी भरायला?”

“दुपार होईल सर. शिवाय कार्बनचा फिल्टर बदलावा लागेल.”

“तासभर लावलं तर?”

मी पिवळी ट्यूब त्यांच्यासमोर धरली.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “तरी विचारलं. इंजेक्शन देऊ आणि बुलढाण्याला पाठवू. मी फोन करून मशीन रिकामं ठेवायला सांगतो. तू सोबत जा.”

ॲम्ब्युलन्समध्ये काकू काकांच्या पायाशी बसल्या, मी डोक्याशी. मोताळा मागे पडलं तसा मॉनिटरवर हृदयाचा आलेख रुंद होऊ लागला, म्हणजे इंजेक्शनचा परिणाम ओसरत होता. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते इंजेक्शन पुन्हा दिलं. आलेख थोडा सुधारला, मग पुन्हा पसरला.

काकांनी माझा हात धरला. “ताई, तुमच्या देवाले म्हना न काई.”

चर्चमध्ये मी मोठमोठ्या प्रार्थना केल्या आहेत. गाडीत एवढंच निघालं, “प्रभू, यांच्यासोबत राहा.”

काकांनी डोळे उघडले. “एवढंच?”

ते त्यांचं शेवटचं बोलणं. राजूर घाट चढताना हृदय थांबलं. मी छाती दाबत राहिले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, काकू काकांचे पाय चोळत राहिल्या. बुलढाण्यात त्यांना मृत घोषित केलं. तिथे मशीन तयार होतं.

त्या रविवारी पाळक म्हणाले, “देवाची योजना आपल्याला कळत नसते.” सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही. योजना असेल तर त्यात टँकरही बसतो का, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

तेरवीनंतर मी वरवटला गेले. काकूंनी बसा म्हटलं. चहा विचारला नाही. मग म्हणाल्या, “खरं सांगा. लावली असती मशीन, तर वाचले असते?”

“माहीत नाही काकू. त्या पाण्यानंही गेले असते.”

“पन गेले असते, असं पक्कं नाही?”

“नाही. पक्कं नाही.”

“अन् पुन्हा तसंच पानी आलं तर?”

खोटं बोलता आलं असतं. “तरी नाही लावणार,” मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, “जा आता.” मी उठले.

सेंटर तेव्हाच दोन दिवसांत सुरू झालं होतं. आता टँकर आला की पाणी टाकीत पडण्याआधीच तपासतो, आणि कार्बनचा एक फिल्टर जास्तीचा ठेवतो. काकांच्या जागी धामणगाव बढ्याची एक बाई येते.

विश्वास वाढला की मन हलकं होतं, असं मला वाटायचं. माझं झालं नाही. काकांचं ‘एवढंच?’ मीही देवाला पुष्कळदा विचारते. उत्तर येत नाही. तरी सकाळी उठून मी त्याच्याशीच बोलते, कारण त्या गाडीत मागे आम्ही तिघंच होतो, असं मला अजूनही म्हणता येत नाही.