दाराबाहेरून शिकलेला नाच

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायची वेळ आली ती वाण्याच्या यादीपुरतीच. ही वही मी कोणाला दाखवीन असं वाटत नाही. पण क्लासच्या मुली रडू आलं की बाहेर चपलांच्या रॅकजवळ येऊन बसतात आणि मला विचारतात, "मावशी, सोडून देऊ का मी डान्स?" तेव्हा मी पाणी देते. सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते.

क्लास कल्याणला आहे, एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे झाडू-पोछा करते, आरसा पुसते. दोन बॅचच्या मध्ये लादी कोरडी करावी लागते, नाहीतर घामाने पाय घसरतात. आम्ही मोहन्याला राहतो. मुलगी लहान असताना घरी कोणी नसायचं, म्हणून शाळा सुटली की तिला रिक्षातून बरोबर आणायची आणि दाराबाहेर चटईवर अभ्यासाला बसवायची. अभ्यास कसला? उघड्या दारातून ती आतला नाच बघायची आणि पॅसेजमध्ये उभी राहून तसाच करायची. असं चार वर्षं चाललं. मोठा आरसा ज्या भिंतीला आहे, त्याच भिंतीच्या कोपऱ्यात दार आहे. मुली आरशाकडे बघून नाचतात, त्यामुळे दारातून त्यांची तोंडं दिसतात, पाठ दिसत नाही. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

ती चौदा वर्षांची असताना क्लास चालवणाऱ्या मॅडमनी तिला पॅसेजमध्ये नाचताना पाहिलं. म्हणाल्या, "मावशी, हिला आत पाठवा. फी नको." हो म्हणायला मला दोन दिवस लागले.

आत गेली आणि सगळं बिघडलं. सगळ्यांचा उजवा हात वर, हिचा डावा. सगळ्या खिडकीकडे वळणार, ही भिंतीकडे. पोरी ओरडायच्या, "ए राँग साइड! हवालदार पावती फाडेल हां!" आधी तीही हसायची. मग घरी हातांवर पेनाने 'उ' आणि 'डा' लिहून सराव करायला लागली. मला वाटलं, माझाच बुजरेपणा हिच्यात उतरलाय, चार माणसांत गेली की गोंधळते. मी सारखी म्हणायची, "घाबरू नको गं." खरं तर ती घाबरत नव्हतीच.

डोंबिवलीला स्पर्धा होती. कोळी नाच, डोक्यावर टोपली. ड्रेस, बस, प्रवेश फी धरून प्रत्येकीला अडीच हजार येत होते. माझ्याजवळ नव्हते. मॅडमनी भरले, म्हणाल्या सवडीने द्या. स्टेजवर दुसऱ्या कडव्याला ती उलटी वळली आणि शेजारणीवर आदळली. टोपली खाली पडून घरंगळत थेट परीक्षकांच्या टेबलापाशी गेली. लोक हसले. बसमध्ये तिला कोणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, मॅडमना सांग, माझं नाव काढा. मी नाही जाणार आता."

मी म्हटलं, "बरं."

त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते. तिची समजूत काढायला हवी होती. पण मला आतून सुटल्यासारखं झालं होतं, की आता आपल्याकडे कोणी बघणार नाही.

दीड महिन्याने ती घराची किल्ली घ्यायला क्लासवर आली. छोट्यांच्या बॅचची वेळ झाली होती आणि मॅडम स्कूटरवर शहाडच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. पाच-सहा वर्षांची पंधरा पोरं नुसती धुडगूस घालत होती. एक पोरगी खिडकीच्या गजांवर चढली होती. मी झाडू घेऊन "बसा, बसा" म्हणत होते, ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मुलगी जरा वेळ दारात थांबली, मग आत गेली. आरशाकडे पाठ करून पोरांसमोर उभी राहिली, टाळी वाजवली. "ए, माझ्याकडे बघा. मी करते तसंच करायचं." गजांवरची पोरगीही उतरून रांगेत आली. तिने डावा हात वर केला, समोर पंधरा उजवे हात वर गेले. एकही पोर चुकलं नाही.

मॅडम हातात हेल्मेट घेऊन माझ्या बाजूला येऊन उभ्या होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "असं समोरून उलटं करून दाखवायला मला दोन वर्षं लागली. तू कुठे शिकलीस?"

"दारात."

मॅडमनी दाराकडे बघितलं, मग आरशाकडे, आणि कपाळावर हात मारला. "अगं, तू समोरून बघून शिकलीस! मग उलटंच येणार ना! त्यांचा उजवा तो तुझा डावा! आणि मला येडीला कळलं नाही." मग म्हणाल्या, "छोट्यांची बॅच घेशील? महिन्याचे हजार देईन."

"आणि मोठ्यांमध्ये?"

"मोठ्यांमध्ये मागच्या रांगेत. पाठीमागून बघून पहिल्यापासून सगळं. वर्ष जाईल."

"टोपलीवाला नाच नाही करणार मी."

"नको गं बाई," मॅडम म्हणाल्या.

धीर आला की मग माणूस उभा राहतो, असं मी समजत होते. त्या दिवशी तिचे कान लाल झाले होते. पण एक छोटी पोरगी गजांवर होती, तिला खाली उतरवायचं होतं, त्या नादात आपण कशा दिसतो हे ती विसरली. रॅकजवळ बसणाऱ्या मुलींना मला हे सांगायचंय. आणि तीच तीच चूक होत असेल तर स्वतःला नालायक म्हणू नका. आपण ते कुठे उभं राहून शिकलो, हे कोणा जाणत्याला विचारा. आम्ही दोघींनी विचारलं नाही, मॅडमच्याही ध्यानात आलं नाही. घरचे लगेच 'बरं' म्हणाले तर तेही खरं धरू नका, त्यात त्यांची स्वतःची भीती असते. पाठीमागून बघून शिकणं सोपं नव्हतं. दमली की अजूनही तिचा डावा हात आधी उठतो.

पगाराच्या हजारातले पाचशे ती मॅडमना देत गेली. मी म्हटलं, माझ्या पगारातून कापू देत. "नको आई, मी देते," एवढंच म्हणाली. पाचव्या महिन्यात, मोठ्यांची बॅच सुरू व्हायच्या आधी, तिने मॅडमच्या हातात शेवटचे पाचशे ठेवले. स्पर्धेचे अडीच हजार पूर्ण फिटले.