आक्काच्या पांदणीचा टायर

वर्धा जिल्ह्यात असा एकही रस्ता नाही, ज्याच्यासाठी माझ्या साडभाऊंनी टायर निवडून ठेवलेला नाही. आणि तो टायर लावून ते खरोखर गेलेत, असे रस्ते मात्र बोटावर मोजण्याइतके. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आर्वीला राहतात. उभा जन्म बस डेपोच्या टायर खात्यात गेला. निवृत्त झाल्यावर लोक देवाच्या नादी लागतात, हे सायकलच्या लागले. तीही साधीसुधी नाही. जाड चाकांची, गिअरची, डोंगरात चालवायची. आर्वीच्या आसपास टेकड्या आहेत, नाही असं नाही, पण साडभाऊंना टेकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे टायर अडकवायचं एक साधन, आणि सीट, हँडल, ब्रेक वगैरे बाकीचा सगळा पसारा कंपनीनं उगाच जोडून दिलेला.

त्यांच्या बैठकीत, जिथे इतरांकडे आजोबांचे फोटो असतात, तिथे खुंट्यांना नऊ टायर टांगलेले आहेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी. 'मुरूम, कोरडा'. 'मुरूम, ओला'. 'गिट्टी'. 'काळी माती, भेगा'. 'फुफाटा'. नवव्याखाली माझ्या मेहुणीच्या अक्षरात 'पाहुणे आल्यावर काढणे' अशी चिठ्ठी आहे, आणि तो आजवर कोणी काढलेला नाही. त्यांच्या पोरीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "दुकान आहे वाटतं तुमचं?" झालं. साडभाऊंनी त्यांना खुर्चीवरून उठवून एकेका टायरपाशी उभं केलं. पोरगी दोनदा पोहे घेऊन बाहेर आली आणि दोनदा थंड पोहे घेऊन आत गेली. दीड तासानं मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे." मुलगी त्यांनी धड पाहिलीही नव्हती. माझी बायको म्हणते, बिचाऱ्यांना सुटका हवी होती.

टायरवरच्या रबरी गोट्यांना साडभाऊ दात म्हणतात. मुरमाच्या टणक वाटेला बुटके, जवळजवळचे दात. सुट्या गिट्टीला टायर रुंद आणि हवा कमी, म्हणजे चाक दगड पकडत चालतं. काळ्या मातीला टायर अरुंद, दात लांब आणि विरळ, म्हणजे दोन दातांमध्ये अडकलेला चिखल फिरता फिरता गळून पडतो. बरं, पुढचा आणि मागचा टायर एकसारखा असणं हा त्यांना अडाणीपणा वाटतो. "समोरचा वळवते, मागचा ढकलते," हे मला त्यांनी माझ्याच लग्नाच्या वाढदिवसाला, केक कापता कापता सांगितलं. "दोघाईचं काम येगळं. दोघाईले सारखे दात देऊन कसं जमन? तू अन् तुही बायको एकाच मापाची चप्पल घालता काय?" सिमेंटच्या रस्त्याला तर ते रस्ताच मानत नाहीत. त्याला फरशी म्हणतात. फरशीसाठी त्यांच्या भिंतीवर खुंटी नाही.

कुठलाही टायर लावायच्या आधी मातीची परीक्षा व्हावी लागते. मूठभर माती घ्यायची, दाबून तिचा लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर बुटके दात. नाही फुटला तर लांब दात. हाताला चिकटून बसला तर, "चाल घरी, आज चाक नाई फिरत." ही परीक्षा ते कुठेही घेतात. समुद्रपूरला माझ्या भाचीच्या लग्नात मंडप शेतात घातला होता. तिथल्या सगळ्या कुटुंबाच्या फोटोत सव्वीस माणसं हसताना दिसतात आणि कोपऱ्यात एका सफारीची पाठ दिसते. ते साडभाऊ. लाडू पडायला आणि फोटो निघायला एकच गाठ पडली. मला टायफॉइड झाला तेव्हा ते दवाखान्यात भेटायला आले, पण वर पोचायला त्यांना पाऊण तास लागला. खाली उभ्या असलेल्या एकूण एक गाडीचं चाक अंगठ्यानं दाबून पाहत होते. वर आल्यावर माझ्या कपाळाला हात न लावता म्हणाले, "तुह्या डॉक्टरच्या स्कूटरमंदी हवा भल्ली जास्त आहे. सांगजो त्याले."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला पोरीची जुनी सायकल दिली आणि टेकडीवर नेलं. नेलं म्हणजे न्यायला काढलं. सकाळी सहाला निघालो. नाल्यापाशी चिखल लागला, तिथे टायर बदलला. नाल्यापलीकडे मुरूम लागला, तिथे परत बदलला. पुढे कोणीतरी गिट्टी टाकून ठेवली होती. दुधाचे दोन कॅन लटकवलेला एक म्हातारा साध्या सायकलवरून आम्हाला ओलांडून गेला, दूध घालून परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला त्याच्यानं राहवलं नाही. "पंचर झाली काय जी?" साडभाऊ मान वर न करता म्हणाले, "नाई. रस्ता बदलला." दहा वाजता आम्ही घरापासून दोन किलोमीटरवर होतो. तिथेच टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि परत आलो. येताना ते फार खूश होते. एवढी चांगली रपेट कित्येक महिन्यांत झाली नव्हती म्हणाले.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण एका गोष्टीवरून घरात हसणं थांबायचं. ती म्हणजे आक्का. आक्का ही साडभाऊंची एकुलती एक बहीण, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. समुद्रपूरच्याही पुढे, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत तिचं गाव. मध्ये शेतांमधून जाणारी पांदण, पक्की काळ्या मातीची. इतकी वर्षं साडभाऊ बैलगाडीनं, ट्रॅक्टरवर, पायी, कसेही जात आले. सायकल घेतली त्या दिवशी मात्र त्यांनी आक्काला फोनवर सांगून टाकलं, "आता येईन तं सायकलनंच येईन." तेव्हापासून दोन वर्षं ते गेलेच नव्हते. इकडे आक्काचे दोन्ही गुडघे गेले. ओसरीच्या पायऱ्या उतरणं तिला जमेना, मग आर्वीला येणं दूरच.

दर रविवारी तिचा फोन यायचा. "कवा येशीन?"

"पांदण कशी आहे?"

"चिखल आहे."

"मंग त्याचा टायर नाई अजून माह्यापाशी. पाहून सांगतो."

दिवाळीनंतर ती म्हणायची, चिखल वाळला, आता भेगा पडल्या. "अगा बाप्पा," साडभाऊ म्हणायचे, "भेगेत चाक अडकते. त्याले रुंद टायर पायजे." रुंद टायर नागपूरहून येईपर्यंत उन्हाळा लागायचा आणि पांदणीत घोटाभर फुफाटा व्हायचा. फुफाट्याचा टायर ठरेपर्यंत पुन्हा पाऊस. आक्का बिचारी दर आठवड्याला हवामान खात्यासारखी मातीचा हाल सांगायची आणि भाऊ भिंतीकडे बघत मान हलवायचा. माझी मेहुणी एकदा चिडून म्हणाली, "मोटरसायकल काय गंजाले ठेवली? म्हातारी तिकडं वाट पाहून राह्यली अन् तुमचं दात मोजणं सुरू आहे." साडभाऊ उठून अंगणात गेले. मलाही राग आला होता. चांगलं सुनवावं म्हणून मी मागोमाग गेलो.

ते टायरच्या दातांमधली वाळकी माती काडीनं टोकरत बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरू केलं. "आक्काची लग्नानंतरची पहिली नागपंचीम होती. तिले आणाले मी गेलतो. एकोणीस वर्षांचा होतो, बाबाची सायकल बसच्या टपावर टाकून फाट्यावर उतरलो. अर्ध्या पांदणीत चाक जाम झालं. काडीनं माती काढली की दहा पावलं जाय, पुन्हा जाम. चिंचेच्या झाडापाशी रडकुंडीले आलो. सायकल खांद्यावर घेतली अन् वापस फिरलो. घरी सांगतलं, बस नाई भेटली. ते तिकडं नवं लुगडं नेसून, पिशवी भरून दिवसभर ओसरीत बसून होती म्हणतात. त्या साली ते माहेरी आलीच नाई."

मी म्हटलं, "सायकल चिंचेला टेकवून पायी जायचं ना."

साडभाऊ बराच वेळ काडी फिरवत राहिले. "हे मले तिसऱ्या दिवशी सुचलं," ते म्हणाले.

मग मला त्यांना सुनवणं झालं नाही. आजवर आपण ज्याला खूळ म्हणून हसत होतो, ते या चार किलोमीटरपायी होतं, हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली. पाय खाली न टेकवता एकदा आक्काच्या दारापर्यंत जायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

या पावसाळ्यात एकदाचा तो टायर आला. अरुंद, बोटाच्या पेरभर लांब दातांचा. साडभाऊंनी शेतातून तीन पोती काळी माती आणली, मेहुणीच्या मेथीच्या वाफ्यात ओतली, वर चार बादल्या पाणी सोडलं आणि त्यात तासभर गोल गोल सायकल चालवली. चाक थांबलं नाही. मेथी गेली. रविवारी फोन आला तेव्हा त्यांनीच आधी विचारलं. "आक्का, पांदण कशी आहे?" पलीकडून आक्का म्हणाली, "चिखलच चिखल आहे. भल्ला चिखल. येजो."

दोन सायकली टेम्पोत घालून आम्ही फाट्यावर उतरलो. साडभाऊंनी नवी पँट घातली होती आणि ती घोट्यापाशी दोरीनं बांधली होती. खिशात माती काढायच्या तीन काड्या, तासून आणलेल्या. त्यांनी पांदणीकडे तोंड केलं आणि जागच्या जागी उभे राहिले. फाट्यापासून थेट गावापर्यंत पांढराशुभ्र, सपाट, नवाकोरा सिमेंटचा रस्ता गेला होता. साडभाऊ खाली बसले. सवयीनं त्यांनी रस्त्यावर अंगठा दाबून पाहिला. मग बाजूला शेळ्या चारणाऱ्या बाईला विचारलं, "बाई, इथली पांदण कुठी गेली?" बाई म्हणाली, "तुमी उभे कशावर आहा?"

"फरशी," साडभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. इतका हरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

शेवटी निघालो. त्या लांब दातांनी सिमेंटवर असा काही घर्रर्र आवाज धरला की शेतातले बगळे उडाले आणि गावातली कुत्री अर्धा किलोमीटर सामोरी आली. मी पोरीच्या जुन्या सायकलवर, गुळगुळीत टायरांनी, शीळ घालत चाललो होतो. साडभाऊ घामाघूम. दारात पोचलो तर आक्का ओसरीत खुर्ची टाकून बसलेली, तोंडाला पदर लावून हसत होती.

"आवाज तं फाट्यापासून येऊन राह्यला होता," ती म्हणाली. "मले वाटलं, चक्की आली गावात."

"तू तं चिखल आहे म्हटलं होतं."

"सिमेंटचा रस्ता झाला म्हटलं असतं, तं सिमेंटचा टायर शोधत आणखी दोन वर्षं बसला असता तू." तिनं पाण्याचा गडवा पुढे केला. मग कळलं की हा रस्ता आणवलाही तिनंच. दोन वर्षं एकही ग्रामसभा तिनं सोडली नव्हती; चालवेना तेव्हा नातवाच्या मोटरसायकलवर बसून जायची. दर खेपेला उठून एकच सांगायची, "माह्या भावाले याले रस्ता नाई." सरपंच कंटाळला, पण रस्ता मंजूर करून आणला.

साडभाऊंनी गडवा हातात तसाच धरून ठेवला होता. पाणी प्यायचं त्यांना सुचत नव्हतं. खाली बघत म्हणाले, "आक्का, त्या पंचमीले बस भेटली होती मले."

"मालूम आहे," आक्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वावरात गेली तवा पाह्यलं. चाकाची रेघ चिंचेपर्यंत आलती अन् तितून परत माणसाचे पाय. बाबाच्या टायरले तुकडा शिवला होता ना, त्याचा ठसा होता ठिकठिकाणी. मले समजलं, माहा भाऊ आलता."

"मंग बोलली काऊन नाई येवढे वर्षं?"

"तू तरी कुठी बोलला?"

जेवण झालं. एक सर येऊन गेली. आता निघावं म्हणून मी सायकल काढली तर साडभाऊ कधीचेच पुढे गेले होते. चिंचेचं झाड अजून आहे, सिमेंटच्या कडेला. मी त्यांना तिथे गाठलं तेव्हा ते थांबले होते. मग ते मागे वळले, आणि रस्त्याच्या कडेला जी हातभर काळ्या मातीची पट्टी उरली होती, तिच्यात त्यांनी चाक घातलं. चिखल उडत होता, दातांतून गळत होता, पण चाक फिरत होतं. चिंचेपासून आक्काच्या ओसरीच्या पायरीपर्यंत ते त्या पट्टीतून आले आणि पाय खाली टेकवला तो पायरीवरच. आक्कानं त्यांच्या चेहऱ्यावरचा चिखल पदरानं पुसला, ते एकोणीस वर्षांचे असल्यासारखा.

पुढच्या रविवारी मी आर्वीलाच होतो. तो टायर आता भिंतीवर टांगलेला होता, न धुतलेला, आणि त्याच्याखाली चिठ्ठी नव्हती. फोन वाजला. पाऊस झाला अन् तुही रेघ गेली, आक्का सांगत होती.

"कवा येशीन?" तिनं विचारलं.

"येत्या रविवारी," ते म्हणाले. रस्ता कसा आहे, ते त्यांनी विचारलं नाही.