पळस्पे फाट्यावर वळलेलं पातं

सुरुवातीलाच सांगते — भूतखेत, संकेत वगैरे ऐकलं की मला हसू येतं. न्यू पनवेलच्या आमच्या सोसायटीत दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजारणीची मी इतकी थट्टा करायचे, की तिने माझ्यासमोर बांधणंच सोडलं. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण झालं ते झालं.

२०१५च्या आसपासची गोष्ट. देशभर पवनचक्क्या आणि सोलरचं नुसतं पेव फुटलं होतं. पवनचक्कीची पाती बंदरात उतरायची आणि लांबलचक ट्रेलरवरून घाटमाथ्याकडे जायची. मी त्या ट्रान्सपोर्टमध्ये होते. परवानग्या काढायच्या, पोलिसांशी गोड बोलायचं आणि पायलट गाडीत बसून पुढचा रस्ता मोकळा करायचा, हे माझं काम. "बाईमाणूस आणि ट्रेलर?" हे ऐकून कान किटले होते.

एवढा ट्रेलर एकट्या ड्रायव्हरला वळवता येत नाही. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग असतं, तिथे वेगळा माणूस बसतो, आणि दोघं वॉकीटॉकीवर बोलत वळण घेतात. आमच्याकडे पुढे हरेश, मागे जना. दोघंही उरणकडच्या एकाच कोळीवाड्यातले. जनाचे वडील तांडेल — होडीचे प्रमुख, सुकाणू त्यांच्या हातात. खाडीत भराव पडत गेले, मासळी आटली, आणि जनाने होडी विकून ही नोकरी धरली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने लेकाशी बोलणं टाकलं. पुढे अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली.

एकदा चहा पिताना जना म्हणाला होता, "म्याडम, बानं मना शिव्या घातल्या आस्त्या तरी चाल्लं आस्तं. पन बोललाच नाय. आता तं बोलनार पन नाय." मला फार वाईट वाटलं होतं.

त्या दिवशी थंडीतली सकाळ. पळस्पे फाट्यावर इतकं धुकं, की पात्याचं एक टोक दिसलं तर दुसरं दिसेना. खालचा ट्रेलर धुक्यात बुडालेला, आणि वर ते पांढरं पातं नुसतं तरंगतंय... वारा अजिबात नव्हता. तेवढ्यात जनाला घरून फोन आला — बापाने अन्न सोडलंय, श्वास लागलाय, लगेच ये.

मी त्याला आमच्या फिटरच्या बाइकवर बसवून पाठवलं. हरेशला बजावलं, "जासईहून बदली माणूस येईपर्यंत हलायचं नाही." आणि थोडा वेळ थांबा म्हणून पोलिसांची मनधरणी करायला फाट्यावर पुढे गेले.

मग माझ्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

"हरेश, आस्ते घे. पाठ माझ्या हातान हाय. तू फुडं बग."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. अगदी निवांत. मला भीती वाटली नाही, याचं आजही नवल वाटतं. उलट, झोपेत कुणी अंगावर पांघरूण घालावं तसं वाटलं. कोण बोलतंय हे विचारायचंही राहून गेलं.

"आजून... आजून... आता सुकान सोर."

ट्रेलर धुक्यातून बाहेर आला आणि सावकाश वळू लागला. पात्याचं टोक रस्त्याच्या बोर्डाला न लागता बाजूने सरकत गेलं. इंजिनाचा आवाज मला आठवतच नाही... पाण्याची चुबुकचुबुक मात्र आठवते. तिथे कुठलं आलंय पाणी? मागची चाकं हवी तशी वळत होती. मग मागची सीट माझ्या समोरून गेली. रिकामी.

पुढे गाडी थांबल्यावर मी हरेशवर उखडले. "थांब म्हणून सांगितलं होतं ना!"

"म्याडम, तांडेलाचा आवाज होता. तांडेल बोल्ला का इचारायचं नाय, होरी वलवायची. लानपनापासून तीच सवय." मग त्याचं त्यालाच आठवलं आणि चेहरा उतरला. "पन... त्यांची तं वाचा गेलीय."

आमच्या मेकॅनिकने नंतर तपासलं. माणूस नसेल तर मागची चाकं सरळच राहतात, वळूच शकत नाहीत, असं तो म्हणाला. आवाजाचं काय, तर दुसरा कुठला चॅनेल लागला असेल. बरं, पण त्या चॅनेलवर हरेशचं नाव कसं?

बदली माणूस आल्यावर ट्रेलर मार्गी लावला आणि संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेले. वाटेत धाकधूक होती, गल्लीत शिरताच रडारड ऐकू येईल. जना ओट्यावर बसून रडत होता खरा, पण मध्येच हसतही होता. आत म्हातारा उशीला टेकून पेज पीत होता. जनाची आई म्हणाली, "सकाली येकाएकी उठून बसलं. खाटचा काठ धरून जोर लावत व्हतं. अंग घामान भिजलं व्हतं."

"मी दारान शिरलो," जना म्हणाला, "आन् बा बोल्ला."

"काय बोलले?"

"बोल्ला, येवरी लांब होरी येकल्याच्यान वलत नाय रं. मना आदी का नाय बोलावलंस?"

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. जनाने तर उत्तर कधी शोधलंच नाही. पुढे कितीतरी दिवस तो ट्रिपवरून घरी गेला की बापाच्या खाटेवर बसून घेतलेली सगळी वळणं सांगायचा, आणि म्हातारा त्यात चुका काढायचा.