सावलीची रेघ

सत्तरच्या दशकात फौजेत आमची पोस्टिंग लडाखला होती. मी सोलापूरचा, सात रस्ता चौकाजवळ वाढलेला, वायरलेस सांभाळणारा सिग्नलमन. महादेव आमच्याच जिल्ह्यातल्या केम गावचा, रेशनच्या गाडीवर ड्रायव्हर. कंपनीत आमच्याकडचे आम्ही दोघंच. थंडीची धास्ती घेऊन गेलो, पण हैराण केलं ते तिथल्या उन्हानं. "बरफ बगायला आलो आन् आपलंच ऊन भेटलं की," महादेव म्हणायचा.

आमचे कॅप्टनसाहेब डॉक्टर होते. प्रत्येक नव्या माणसाला ते एकच धडा द्यायचे. पृथ्वीनं हवेची गोधडी पांघरलीय. खाली ती जाड असते, उन्हाचा मारा थोडा अडवते आणि तापलेल्या जमिनीची ऊब धरून ठेवते. इथं ती विरलीय. ऊन थेट अंगावर, ऊब थेट आभाळात. चंद्रावर तर गोधडीच नाही. तिथं उन्हात भाजाल, सावलीत गोठाल.

आम्ही "यस सर" म्हणून मोकळे. सोलापूरच्या माणसाला सावलीची भीती कोण घालणार? आमच्याकडं दुपारची भाकरी खाल्ली की माणूस सावली बघून आडवा होतो.

ऑक्टोबरात एका दुपारी त्याच्या गाडीतून जाताना खिंडीखाली दरड आडवी आली. दोघांनी फावड्यानं वाट मोकळी केली. महादेव घामानं निथळत होता. त्यानं कोट काढून बॉनेटवर टाकला. पुढं आणखी दरड आहे का ते बघायला मी वायरलेस सेट पाठीवर घेऊन निघालो.

"तू जा की. मी वाईच गाडीच्या सावलीत पडतो."

दीड-दोन तासांनी परतलो तेव्हा तो तसाच पडून होता. पाय उन्हात, बाकी अंग सावलीत. बुटाला हात लावला, तापलेला. गालाला लावला, बर्फ. घामाचा शर्ट पापडासारखा कडक झाला होता. सेट उतरवून मी तळाला हाक दिली.

"टायगर, वन-फोर. ड्रायव्हर बेशुद्ध. ओव्हर."

पलीकडून कॅप्टनसाहेबच बोलले, "वन-फोर, ओले कपडे काढ. कोरड्यात गुंडाळ, उन्हात ठेव. मी निघालो. ओव्हर."

गाडी मला चालवता येत नव्हती. दोघांच्या कोटांत गुंडाळून मी त्याला उन्हात आणलं. श्वास चालू होता. तेवढ्यात डोंगराची सावली सरकू लागली. सरळ रेघ, कसला आवाज नाही. ती जवळ आली की मी त्याला ओढून पुढं न्यायचो. ती परत यायची. असं करत कड्याशी पोचलो, पुढं जागाच उरली नाही. रेघ माझ्या बुटांवरून त्याच्या छातीवर चढली. डॉक्टर आले तेव्हा महादेव गेला होता.

रजा मिळाली तेव्हा उन्हाळा लागला होता. त्याची ट्रंक पोचवायला केमला गेलो. त्याची आई दारातल्या कडुलिंबाखाली बसली होती. झालं ते मी सरळ सांगितलं.

"सावलीत माणूस मरतंय व्हय?"

कॅप्टनसाहेबांचा धडा मला पाठ होता. तिला तो सांगवेना. अंगणात उन्हातच उभा राहिलो.

"उन्हात नगं हुबा ऱ्हाऊ, लेकरा. हितं ये."

पाय उचलत नव्हता. तरी गेलो, तिच्याशेजारी बसलो. केमची सावली उबदार होती. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं.