आईचं नाव घेणारा माणूस

मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीच्या फाटकावर मी बायकांच्या पर्सा तपासते. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. पर्स पुढे करताना जी बाई घाबरते, ती बहुतेक वेळा साधी असते. डब्यातलं वरण सांडलेलं असतं आणि तिला त्याची लाज वाटत असते. जी फारच सहज वागते, तिची पर्स मी दोनदा उघडते. ही नजर मला कंपनीनं दिलेली नाही. ती मी घरूनच घेऊन आले, बाबांकडून.

म्हणून मोबाईलवर निरोप आला की रेडिओवर फर्माइशी वाचणारे ते जुने निवेदक वारले, तेव्हा मी आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मगच तो वाचून दाखवला. रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या समाजभवनात श्रोत्यांनी श्रद्धांजलीची सभा ठेवली होती. आई गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"कशानं गेले?"

"वयानं," मी म्हटलं.

ती पुन्हा निवडायला लागली, पण आता खडे ताटात राहत होते आणि गहू बाहेर पडत होते. थोड्या वेळानं वर न बघता म्हणाली, "मले नेशील का वं तिथं?"

माझ्या आईनं जन्मात कुठे ने म्हणून म्हटलेलं नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही तिला ओढून न्यावं लागलं होतं. आणि आता कधी न पाहिलेल्या माणसाच्या शोकसभेला ही आपणहून निघाली. मी हो म्हटलं. मला तिला न्यायचंच होतं. इतकी वर्षं घरात जे कुजत पडलं होतं, त्याचा एकदाचा निकाल लागला तर मला हवा होता. बाबा तर तो न लागताच गेले.

आमच्या घरचं हे दुखणं जुनं आहे. बाबा विणकर. खोलीभर हातमाग, आणि मागाच्या वरच्या फळीवर रेडिओ. दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम लागे. त्या निवेदकाचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा पोटभर जेवून आपल्याच ओट्यावर येऊन बसलाय. गाण्याची फर्माइश पाठवणाऱ्यांची नावं तो घाई न करता वाची, एकेका नावाला मान देऊन. आमच्या गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं श्रोता संघ काढला होता. संघ म्हणजे ती एकटीच. पण पोस्टकार्डावर एकच नाव असलं तर संघाला कोण विचारणार? मग तेव्हा सगळेच संघवाले करत तेच तिनं केलं. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांची नावं, कुणाला न विचारता, कार्डावर दाटीवाटीनं लिहून टाकली. ती रेडिओवर वाचली गेली त्या दिवशी गल्लीत नुसता कल्ला झाला. बाबासुद्धा हसले.

पुढे त्या पोरीचं लग्न झालं, ती दूर सासरी गेली, संघ संपला. आईचं नाव मात्र पुन्हा आलं. एकटंच. मागे-पुढे गल्लीतलं कुणी नाही, बाबांचं नाव नाही, आम्हा पोरांचं नाही. सक्करदऱ्याहून फक्त आई, आणि मग गाणं. काही दिवस गेले की पुन्हा.

आईला लिहिता येत नव्हतं. बाबांनी माग थांबवून विचारलं, "ते पोरगी तर गेली. आता कोण लिहून राहिलं कार्ड?"

"मले काय माहीत?"

"तुले नाही माहीत, मंग त्याले कसं माहीत तुह्यं नाव?"

बाबांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, त्यांचं सगळं जिभेनं चाले. भाजीत मीठ कमी पडलं की, "रेडिओवाल्याले विचारून टाकत जा." नवं लुगडं नेसली की, "तो काय पाहाले येऊन राहिला?" बाहेर जाताना ते रेडिओतले सेल काढून सदऱ्याच्या खिशात घालून नेत. आणि आई नेमकी त्याच वेळी सूप घेऊन शेजारच्या अंगणात जाई, कारण तिथला रेडिओ सुरू असे. हे मी पाहिलं होतं. बाबांजवळ बोलले नाही, पण डोक्यातून काढलंही नाही. पुढे माग बंद पडला, बाबा चौकीदारीला लागले, घरात टीव्ही आला, रेडिओ भंगारात गेला. टोमणे गेले नाहीत. शेवटच्या आजारातही औषध पाजायला आलेल्या आईला म्हणाले, "त्याले सांग, आता मोकळी होऊन राहिली म्हणून." आईनं तेही गिळलं. ज्याचं काही चुकलेलं नाही असा माणूस इतकी वर्षं गप्प बसतो? मी तरी बसले नसते.

रविवारी आई तयार होऊन बाहेर आली आणि माझं डोकंच फिरलं. बाबांनी स्वतःच्या हातानं विणलेलं, जांभळ्या काठाचं लुगडं नेसली होती.

"दुसरं नाही का?"

"हेच चांगलं आहे."

मी गाडी काढली. मागे बसून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला तलावापर्यंत नकोसा वाटत होता.

भवनात बरीच गर्दी होती. सगळे म्हातारे. समोर टेबलावर हार घातलेला फोटो. आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरून चालले होते. फोटोत हडकुळा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, कारकुनासारखा माणूस होता. मी फोटोकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते. ती जवळ गेली, फूल ठेवलं आणि मला विचारलं, "हाच का?"

इतकं सहज विचारलं, की माझा संशय दुप्पट झाला.

मग एकेक जण उठून बोलायला लागला. भिवापूरहून आलेला मिरचीचा एक शेतकरी म्हणाला, "माह्यावर त्यांचा खास जीव होता. म्या कार्ड टाकलं एकदा, पण त्यांनी माह्यं नाव कितीदा घेतलं त्याचा हिशोब नाही." उमरेडच्या एका बाईंनी डोळे पुसत सांगितलं की आपण पत्र पाठवणं सोडलं तरी ते आपल्याला विसरले नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, कुणाला सांगू नका, पण माझ्याशी त्यांचं काहीतरी वेगळंच नातं होतं. हे त्यांनी माईकवरून सांगितलं. माझे कान उभे राहिले. एकसारखीच वस्तू इतक्या जणींच्या पर्समध्ये निघायला लागली, तर फाटकावर आम्ही आधी साहेबाला बोलावतो.

तेवढ्यात सभा चालवणारे म्हणाले, "आजी, तुम्हाले बोलायचं आहे का?" मी नाही म्हणायच्या आत आई उभी राहिली होती. माईक तिनं दोन्ही हातांनी धरला.

"ते माह्यं नाव घेत होते," ती म्हणाली. "चांगलं घेत होते."

बस, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई येऊन बसली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. लाजलेला, आणि वर ताठ. मला तिचा राग आला आणि बाबांची कीव आली. बाबा खरं बोलत होते, मला वाटलं. म्हणजे काहीतरी होतं.

शेवटी त्यांच्याबरोबर काम केलेल्या एक बाई बोलायला उठल्या. त्याही निवेदक, आता निवृत्त. आवाज अजून खणखणीत. त्यांनी आठवणी सांगितल्या, लोक हसले, आणि मग त्या म्हणाल्या, "आता ते नाहीत, तर एक गुपित सांगते. टीव्ही आला तशी कार्डं आटली. काही दिवस तर एकही यायचं नाही. आज कुणाचंच पत्र नाही, असं माईकवर म्हणणं यांच्या जिवावर यायचं. कार्यक्रमच बंद होईल ही धास्ती वेगळी. मग ते जुनी कार्डं काढून बसत. तुमचे ते श्रोता संघ! एकेका कार्डावर अख्खी गल्ली. त्यातलं आवडेल ते एखादं नाव हे सुटं करायचे आणि पुरवून पुरवून वाचायचे, आज या कार्डावरचं, उद्या त्या. मी विचारायची, ही माणसं कोण, जिवंत तरी आहेत का? म्हणायचे, मला काय ठाऊक, तोंडात छान बसतात."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भिवापूरचा शेतकरी मांडीवर थाप मारून मोठ्यानं हसला, "अरे बापा! म्हणजे आपण नुसते भरतीचे होतो का गा सारे!" आणि भवनभर हसू फुटलं. उमरेडच्या बाई हसता हसता पुन्हा रडल्या. मीही हसले, अगदी पोट धरून. असं वाटलं, कुणीतरी छातीवरचा दगड उचलला. पत्र नव्हतं, भेट नव्हती, माणूस नव्हता. एका कार्डावरचं नाव सुटं केलं होतं, बस. बाबा जन्मभर वाऱ्याशी भांडले.

आई हसली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

परतताना तलावाजवळच्या टपरीवर मी मुद्दाम गाडी थांबवली. दोन चहा घेतले. मला आज आईचा लाड करावासा वाटत होता. तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "ऐकलं ना आई? काहीच नव्हतं. बाबा तुला उगाचच बोलत राहिले. आता मनातून काढून टाक सगळं. तू सुटलीस."

आई कपाकडे बघत राहिली. चहावर साय आली.

"तुलेही वाटत होतं ना?" तिनं विचारलं.

मी मान खाली घातली. पण ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सासू मले अवं म्हणे," ती म्हणाली. "तुह्या बापानंही अवंच म्हटलं. तुम्ही आई म्हणता. नावानं मले कोणी हाक मारली नाही वं. तो एक माणूस नाव घे. मी म्हणो, कुठंतरी त्यानं आपल्याले पाहिलं असंल. कोणाजवळ ऐकलं असंल. ओळखत असंल म्हणूनच तर घेते. मंग तुह्या बापानं काही म्हटलं की मी म्हणो, जाऊ दे, ओळखीच्या माणसापायी आहे, ऐकून घेऊ."

तिनं कप तसाच बाकावर ठेवला.

"तो तर मले ओळखतच नव्हता. मंग मी काहून ऐकून घेतलं वं एवढं?"